केरबा मिस्त्री आणि अंथुर्ण्याची काहील

आधी तारखा आणि नावे घेतो. माणसाबद्दल मागाहून बोलू. माणूस कुठे पळून जात नाही. तारखा मात्र सोयीप्रमाणे विसरल्या जातात, आणि नावे तर त्याहून सोयीने.

सन १९५२, दिवाळीनंतरचा सोमवार: बारामतीच्या आमच्या कारखान्यात ‘कामगार उत्साहवर्धन मंडळा’ची स्थापना. जबाबदार: धाकटे मालक, ज्यांना सर्वांनी साहेब म्हणावे असा त्यांचाच हुकूम होता. सन १९५४, पौष: काहिलीबरोबर माणसे पाठवण्यास मनाई करणारे परिपत्रक. जबाबदार: साहेब. त्याच महिन्याची अखेर: पाण्याची चाचणी बंद होऊन तिच्या जागी रबरी शिक्का. जबाबदार: साहेब आणि शिक्का. सन १९५५, माघ: अंथुर्ण्याच्या गुऱ्हाळावर काहील फुटली. जबाबदार कोण, हाच या लेखाचा वादविषय आहे. त्यानंतर चौथ्या दिवशी: केरबा मिस्त्रींना कामावरून कमी केल्याचे पत्र. जबाबदार: सही साहेबांची, भाषा माझी. सन १९५८, मार्गशीर्ष: कारखान्याची स्मरणिका प्रसिद्ध. जबाबदार: जिने लिहिली ती लेखणी, ज्यांनी वाचून माना डोलावल्या ती सर्व प्रतिष्ठित मंडळी, आणि ज्याने सत्य ठाऊक असून आजवर तोंड उघडले नाही तो इसम, म्हणजे प्रस्तुत लेखक.

आता माणूस.

काहील म्हणजे उसाचा रस आटवण्याची ती अवाढव्य लोखंडी कढई. गुऱ्हाळावर ती चुलवणावर चढते, खाली जाळ, वर रस, आणि मधे फक्त पत्रा. पत्र्याचे तुकडे एकावर एक घेऊन, भोके पाडून, तापवलेल्या रिबिटांनी ते जोडलेले असतात. एक रिबिट नीट बसले नाही तर शेतकऱ्याचा रस गुळाच्या ढेपेत न जाता चुलीत जातो. अशा काहिली आमच्या कारखान्यात होत. मी इंदापुरास एका वकिलांकडे आयुष्याचा मोठा भाग कारकुनी केली. वकील वारल्यावर या कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळायला आलो. मला लोखंडातले काही कळत नव्हते. केरबा मिस्त्रींना कागदातले काही कळत नव्हते. त्यामुळे आमचे बरे जमले.

केरबा सांगवीचे. पन्नाशी केव्हाच उलटलेली, अंगाने वाळक्या उसासारखे, हाताच्या बोटांची पेरे मात्र फुगलेली. घणाच्या आवाजाने डावा कान गेलेला, म्हणून ते नेहमी उजवीकडून बोलायला येत आणि समोरच्यालाही हाताने उजवीकडे सरकवत. जोडलेल्या सांध्यावर ते बोटांची मागची बाजू टेकवत, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवते तशी. मग पुढे जात, किंवा तिथेच थांबत. थांबले की ज्याने सांधा केला तो न सांगता छिन्नी शोधायला जाई.

त्यांनी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. काम वाईट झाले तर ते आपल्या हातातला हातोडा त्या माणसाच्या हाती देत आणि म्हणत, “हा घे. तुजा हातोडा जरा अडाणी हाय.” बस्स. तो माणूस दिवसभर मिस्त्रींच्या हातोड्याने काम करी आणि संध्याकाळी परत देताना त्याला वर बघवत नसे. काम चांगले झाले तर स्तुतीही नाही. उपडी घातलेली ती काहील ते दुपारी शोधत जात, तिच्या बुडावर बसून भाकरी सोडत, आणि ज्याने ती केली त्याला म्हणत, “कांदा फोड.” मिस्त्रींनी आपल्या काहिलीवर बसून भाकरी खाल्ली, ही गोष्ट माणसे घरी जाऊन बायकोला सांगत. काटेवाडीच्या सोपानाने तर सासुरवाडीला सांगितली होती. सासऱ्याने विचारले म्हणे, “मग पगार वाढला का?” सोपाना म्हणाला, “तुमास्नी न्हाय कळायचं, आबा.”

नवा माणूस आला की पहिला आठवडा त्याच्या हाती घण मिळत नसे. त्याने फक्त पाणी भरायचे. तयार काहील बाहेरून चुन्याने पांढरी करायची, आत पाटाचे पाणी काठोकाठ भरायचे, आणि दिवसभर तिच्याभोवती फेऱ्या मारत चुन्यावर ओल कुठे उमटते ते पाहायचे. “आदी गळती वळकाय शिक,” मिस्त्री म्हणत, “जोडाय कुणालाबी येतं.”

परंतु या कारखान्याचा खरा कणा निराळाच होता, आणि तो कोणत्याही कागदावर नव्हता, हे मी कागदाचा माणूस असून कबूल करतो. काहील विकली गेली की ज्या दोघांनी ती जोडली ते दोघे बैलगाडीत तिच्याबरोबर जात. गुऱ्हाळावर ती चुलवणावर बसवायला हात लावत, चिखलाने कड लिंपत, आणि पहिले आधण, म्हणजे रसाची पहिली खेप, उतरेपर्यंत तिथेच बसत. शेतकरी त्यांना पहिल्या गुळाचा गोळा देई. तो पळसाच्या पानात बांधून ते परत आणत, आणि दुसऱ्या दुपारी सगळा कारखाना तो चिमूट चिमूट खाई. “हा सोपानाच्या काहिलीचा,” “हा श्रीपतीच्या काहिलीचा,” असे म्हणत. तो गूळ काही निराळा लागत नसे. मी खाल्लेला आहे. गूळ गुळासारखाच होता. माणसे मात्र तो खाताना निराळी दिसत.

एकदा सोपाना असाच एका गुऱ्हाळावरून परतला तो गुळाबरोबर एक तक्रारही घेऊन. मालकिणीने त्याला ऐकवले होते, “बाबा, तुमच्या काहिलीत रिबिटाची डोकी वर हायती. हलवताना फावडं अडकतंय. हात दुखून येतो आमचा.” तो आला आणि त्याने मिस्त्रींना सांगितले. मिस्त्री म्हणाले, “मला काय सांगतूस? तुला सांगितलं नव्हं तिनं?” त्या दिवसापासून सोपाना आतल्या बाजूची डोकी ठोकून सपाट करू लागला, आणि त्याचे पाहून इतर. कुणी हुकूम काढला नाही. कुणी मंडळ स्थापले नाही. एका बाईचा हात दुखत होता आणि ज्याच्यामुळे दुखत होता त्याच्या तोंडावर तिने ते सांगितले, एवढेच घडले.

मी मिस्त्रींना एकदा विचारले, “यात दोन माणसांचे दोन दिवस मोडतात. थोरले मालक काही म्हणत नाहीत?”

ते मला उजवीकडे सरकवून म्हणाले, “तात्या, माणसाला कामाचं तोंड दिसाय पायजे. निस्ती पाठ बघून कोण राबल?”

थोरले मालक वारले आणि मुंबईहून साहेब आले. साहेबांनी एक जाड पुस्तक वाचले होते. त्यात कामगार कामात रमावेत म्हणून काय काय करावे याचे सविस्तर विवेचन होते, असे ते सांगत. कामगार आमच्याकडे आधीच रमलेले आहेत, ही माहिती त्या पुस्तकात नसल्यामुळे साहेबांना ती कळण्यास मार्ग नव्हता.

प्रथम फाटकावर आरसा लागला. वर पाटी: ‘हसतमुख कामगार हेच आमचे भांडवल’. आत येताना आपले मुख हसरे आहे याची प्रत्येकाने खात्री करून घ्यावी, असा उद्देश होता. भट्टीशेजारी दिवस घालवून आलेली माणसे त्यात पाहून भुवयांवरची काजळी पुसत आणि घरी जात. हसण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

मग सूचनापेटी आली. कुलूपबंद, किल्ली साहेबांकडे. ‘निर्भयपणे सूचना करा.’ आमच्याकडे लिहिता येणारे दोन, त्यातला एक मी. तेव्हा दुपारी माझ्यासमोर रांग लागू लागली. श्रीपतीने भट्टीवरच्या छपराला झरोका मागितला, कुणी सुट्टीबद्दल विचारले, आणि केरबा मिस्त्रींनी माझ्यासमोर उकिडवे बसून सांगितले, “लिवा तात्या. पेटी काडा आन् हुता तितं पाण्याचा माठ ठिवा.” कारण पेटीसाठी माठ हलवला होता. मी सर्व सूचना रीतसर भाषेत, ‘सबब विनंती की’ लिहून, पेटीत टाकल्या. महिनाअखेर साहेबांनी पेटी उघडली आणि मला आत बोलावले.

“तात्या, या सगळ्या तुमच्याच अक्षरात आहेत.”

“होय. लिहिणारा मी आहे.”

“तुम्ही फार असंतुष्ट दिसता.”

“सूचना त्यांच्या आहेत, साहेब.”

“मग त्यांनी स्वतः का नाही लिहिल्या?”

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ होते. परंतु ते दिल्याने माझी नोकरी राहिली नसती. मी कागद गोळा करून बाहेर आलो. माठ जागेवर आला नाही.

तिसरी योजना म्हणजे दरमहा एका ‘उत्साही कामगारा’ची निवड. निवड कामगारांनीच करावी, आणि निवडलेल्यास सर्वांसमोर फेटा बांधावा. माणसे गोंधळली. एकाला फेटा म्हणजे उरलेल्यांना काय, हे त्यांना उमजेना. ती मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींनी भाकरीचा तुकडा चावत विचार केला आणि म्हणाले, “पाटाचं पानी कसं घेता?”

“पाळीनं.”

“मग ह्येबी पाळीनं घ्या. वरच्या टोकापासनं धरा, खालच्या टोकापातूर.”

तेव्हा भट्टीच्या बाजूने पाळी सुरू झाली. उत्साह भट्टीपासून फाटकाकडे महिन्याला एक माणूस या गतीने सरकू लागला. मधेच गोविंदाच्या घरी मेव्हण्याचे लग्न निघाले, तेव्हा त्याने श्रीपतीशी पाळी बदलून घेतली, शेजारचे शेतकरी पाण्याची बदलतात तशीच, दोन साक्षीदार ठेवून. साहेबांना यातले काही कळले नाही. वार्षिक भाषणात ते म्हणाले, “आपल्याकडे इतकी निकोप स्पर्धा आहे की दर महिन्याला नवीन माणूस पुढे येतो.” सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या. पुढची पाळी ज्याची होती तो जरा जास्त वाजवत होता.

इथवर हसण्यासारखे होते. पुढे नाही.

पौषात साहेबांनी मला दोन मसुदे सांगितले. पहिल्याने काहिलीबरोबर माणसे पाठवणे बंद झाले: ‘उत्पादक वेळेचा अपव्यय’. दुसऱ्याने काम वाटले गेले. एकाने फक्त पत्रा वाकवायचा, एकाने फक्त भोके पाडायची, एकाने फक्त रिबिटे ठोकायची, आणि एकाने फक्त तपासायचे. तपासणे म्हणजे पाणी भरणे नव्हे. ते वेळखाऊ ठरले. तपासणाऱ्याला ‘तपासले’ असा शिक्का दिला गेला. आपापले काम सोडून दुसऱ्याच्या कामात लक्ष घालणे हा शिस्तभंग मानला जाईल, असे वाक्य शेवटी होते. ते वाक्य चांगले जमले आहे असे साहेब मला म्हणाले.

आणि मिस्त्री? त्यांना बढती मिळाली. ‘उत्साहप्रमुख’. मी चेष्टा करत नाही. नेमणुकीचे पत्र मीच टंकले. फाटकाशी आरशाशेजारी त्यांना खुर्ची दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रोत्साहनपर दोन शब्द बोलावेत. प्रत्यक्ष कामास, विशेषतः काहिलींस, हात लावू नये. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी ते ध्यानात असून वेळेला बाहेर काढले नाही, हाच माझा गुन्हा.

मिस्त्री खुर्चीवर कधी बसले नाहीत. तिच्या पाठीला त्यांनी भाकरीची पिशवी अडकवली आणि शेजारी जमिनीवर बसून राहिले. प्रोत्साहनपर शब्द मी एकदाच ऐकले. सोपाना सकाळी आत येत होता. मिस्त्रींनी विचारले, “काल काय केलंस?”

“भोकं पाडली.”

“कशाला?”

सोपानाने आपली बोटे पाहिली. मग म्हणाला, “ठावं न्हाय, मिस्त्री,” आणि आत गेला.

मी त्यांना म्हटले, “केरबा, आपण एक अर्ज करू. मी लिहितो. तुम्ही अंगठा द्या.” ते म्हणाले, “काय लिवाल?” मी मुद्दे सांगितले, सहा होते, कलमवार. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “समदं बरूबर हाय. पर वाचणाराला गूळ खाऊ घातल्याबिगर न्हाय समजायचं, तात्या.” अर्ज राहिला.

पुढल्या वर्षी माघात अंथुर्ण्याच्या बापूरावांची गाडी फाटकात उभी राहिली. बापूराव म्हणजे उसाचे जुने बागायतदार, बोलायला सावकाश. गाडीत काहील होती, बुडाकडून काळी पडलेली, तळाच्या एका सांध्याला बोट जाईल एवढी फट. रस उकळीला आला असता सांधा सुटला होता. सगळे आधण चुलीत गेले, जाळ विझला, आणि चुलीत पाचट सारणाऱ्या गड्याच्या दोन्ही पायांवर कढत रस सांडला होता. तो गडी गाडीतच बसला होता, पाय फडक्यात बांधलेले. बापूरावांनी मुद्दाम आणला होता त्याला.

साहेब बाहेर आले. माणसे जमली. बापूरावांनी कुणाला शिवी दिली नाही. त्यांनी एवढेच विचारले, “हिला केली कुणी?”

माणसे काहिलीकडे पाहत राहिली.

“न्हाय, म्हंजे मला भांडायचं न्हाय. ज्यानं केली त्येनं ह्याचे पाय बगावं, येवढंच. आजपातूर तुमची माणसं संगं यायची. ह्या खेपंला आली न्हाईत. म्हनून म्याच आलो. कुणी केली?”

“मी निस्ता पत्रा वाकवला,” गोविंदा म्हणाला.

“मी भोकं पाडली,” सोपाना म्हणाला.

“मी ठोकलं, पर भोकं व्हती तशीच ठोकलं,” श्रीपती म्हणाला.

शिक्केवाला पुढे आला. त्याने शिक्का दाखवला.

बापूराव एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग ते गाडीतल्या गड्याला म्हणाले, “आयकलंस का रं? कुणीच न्हाय केली. आपसूक झाली म्हनं.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते ओरडले, “कुणाचा दोष आहे त्याचे नाव आत्ता सांगा. त्याला आत्ता काढून टाकतो. नाहीतर चौघांनाही घरी बसवीन.”

तेव्हा मिस्त्री जमिनीवरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, जरा वेळ लावून. गाडीपाशी गेले, गड्याच्या पायांवरचे फडके सोडून त्यांनी पाय पाहिले. बोटांची मागची बाजू टेकवायला नेली आणि तशीच मागे घेतली. मग बापूरावांकडे वळून म्हणाले, “मी केली.”

सोपाना पुढे सरकला. मिस्त्रींनी त्याच्याकडे न पाहता त्याला हाताने मागे सारले.

बापूराव म्हणाले, “तुमी? केरबा, तुमी?”

“व्हय. माजी हाय.”

बापूरावांनी काहील फाटकात उतरवली आणि गाडी घेऊन गेले. ती फुटल्याचे, आणि केरबाने केल्याचे वर्तमान अंथुर्ण्यापासून सांगवीपर्यंत त्या आठवड्यात पोचले.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला मसुदा सांगितला: ‘तुमच्या स्वतःच्या कबुलीनुसार’. मी कायदा जाणतो. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. शिवाय ज्या माणसाला साहेबांच्याच लेखी हुकुमाने काहिलीस हात लावण्यास मनाई होती, त्याने ती काहील केल्याची कबुली देणे ही गोष्ट मुळातच अशक्य होती. तो हुकूम माझ्या डाव्या हाताच्या खणात होता. खण उघडायला एक क्षण लागला असता. मी तो उघडला नाही. मी विचारले, “‘कबुलीनुसार’ आधी ठेवू की नंतर?”

शिक्केवाल्याने सांधा पाहिलाच नव्हता, म्हणून त्याला सोडून आपल्या समाधानासाठी मी पुढे तिघांची तपासणी केली, एकेकट्याची, वकिली पद्धतीने. सुटलेल्या सांध्यातले एक भोक जागेवरून सरकलेले होते, ते दिसले होते काय? सोपानाला पाडतानाच दिसले होते. गोविंदाला जाता-येता दिसले होते. श्रीपतीला दिसले होते. मग बोलला का नाहीत? तिघांनी एकच उत्तर दिले, जणू ठरवून दिले असावे, पण ठरवलेले नव्हते: “ते माजं काम न्हवतं.” परिपत्रकाचे याहून तंतोतंत पालन या देशात झालेले नसेल.

मिस्त्री गेल्यावर कुणी संप केला नाही. माणसे घंटेला येत, घंटेला जात. दुपारची भाकरी जो तो आपल्या जागी खाई. फेट्याची पाळी मोडली. एकदा गोविंदाचे नाव पुकारले तर तो आलाच नाही, फेटा टेबलावर पडून राहिला. काहिली परत येऊ लागल्या. दुसऱ्या हंगामानंतर साहेबांना, पुस्तकात नसतानाही, कारण उमगले, आणि त्यांनी ‘ग्राहक-भेट योजना’ या नावाने काहिलीबरोबर माणसे पाठवणे सुरू केले. पाण्याची चाचणीही गुपचूप परत आली. मला आनंद झाला. कारण इतक्या अवधीत त्यांना एक गोष्ट शिकता आली, हे कमी नाही.

मी ती नोकरी सोडून इंदापुरास परतलो. तिथे मला यंदा मार्गशीर्षात स्मरणिका मिळाली, गुळगुळीत कागदाची. ‘कामगारांना कामात रमवण्याची आमची परंपरा’ असा लेख आहे. त्यात साहेबांचे छायाचित्र: हातात गुळाचा खडा, तोंड उघडे. खाली छापले आहे की काहिलीबरोबर कामगारांना गुऱ्हाळावर पाठवण्याची अभिनव कल्पना साहेबांना स्फुरली. पुढच्या परिच्छेदात: ‘पूर्वी एका वृद्ध मिस्त्रीच्या बेपर्वाईमुळे एक अपघात घडला होता, त्यातून धडा घेऊन साहेबांनी पाण्याच्या चाचणीची पद्धत घालून दिली.’

म्हणजे माणसाची परंपरा आपल्या नावावर, आणि आपली चूक माणसाच्या नावावर. दिवाणी न्यायालयात याला दोन निरनिराळे दावे लागतील.

मी सांगवीस गेलो. मिस्त्री घराबाहेर बसून एका घमेल्याचा कान बसवत होते. एकच घमेले होते. पूर्वी पाच-सहा गावांच्या काहिली डागडुजीला त्यांच्या दारात येत. आता येत नाहीत. ‘केरबाची काहील फुटली’ एवढ्या बोलण्यानेच हे झाले असते की नाही देव जाणे. पण आता ते छापून आले होते, आणि गावात वाचणारे वाढले आहेत. त्यांची सून चौथीपर्यंत शिकलेली. तिने त्यांना तो परिच्छेद वाचून दाखवला होता.

“एकदा वाचला तर म्हनले, परत वाच,” तिने मला पाणी देता देता सांगितले. “परत वाचला. मग म्हनले, बेपर्वाई म्हंजे काय? मला सांगाय सुदरंना, तात्या. म्या म्हनलं, ध्यान नसणं. तवापासनं जेवण कमी झालंय त्येंचं.”

मी मिस्त्रींच्या उजव्या बाजूला बसलो. खटला करता येतो, अब्रूनुकसानीचा, मी सगळे कागद ठेवले आहेत, असे सांगितले. ते घमेल्याचा कान हलवून पाहत होते.

“तात्या, खोटं बोलल्याला काय शिक्षा असती?”

“कुणासमोर बोलला त्यावर आहे. शपथेवर बोलला असाल तर—”

“शपत कुटली? बापूरावाम्होरं बोललो.”

“मग काही नाही.”

“न्हाय कसं?” ते म्हणाले. “पोरं चार व्हती. घरी बसली आसती. मला वाटलं, म्हाताऱ्यानं म्हटलं तर काय बिगाडतंय? बोलल्यालं वाऱ्यावर जातं. ह्ये छापतील आसं न्हाय वाटलं.” मग त्यांनी घमेल्याचा कान पुन्हा हलवून पाहिला. “कामावनं काडलं त्येचं काय न्हाय. पर ध्यान नव्हतं म्हनत्यात, तात्या. माजं ध्यान नव्हतं?”

मी अर्ज काढला, अंगठ्यासाठी शाई काढली. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “माज्या अंगठ्यानं काय व्हतंय? म्या एकदा बोललो त्येवर इस्वास ठिवला की समद्यांनी. आता ज्येला खरं ठावं हाय त्येनं बोलावं.”

मी निघालो तेव्हा त्यांनी घमेले पाण्याने भरून ओट्यावर ठेवले होते आणि उकिडवे बसून त्याच्या बुडाकडे पाहत होते. मी हाक मारली ती डाव्या बाजूने गेली असावी. त्यांनी वर पाहिले नाही.

ज्यांना खरे ठाऊक आहे असे आम्ही पाचजण आहोत: सोपाना, गोविंदा, श्रीपती, साहेब आणि मी. पहिल्या तिघांशी मी बोललो आहे, ते येतील. माझी साक्ष वर दिली आहे आणि दोन्ही परिपत्रकांच्या आणि मिस्त्रींच्या नेमणुकीच्या पत्राच्या नकला मी स्वाधीन करण्यास तयार आहे. राहिले साहेब. त्यांना मी यापूर्वी चार पत्रे पाठवली; त्यांच्या पोचपावत्या मजकडे आहेत, उत्तर नाही. म्हणून आता खाजगी पत्र पाठवत नाही. साहेबांनी येत्या हंगामाची पहिली काहील निघण्यापूर्वी, कारखान्याच्या अंगणात, सर्व कामगारांसमोर, बापूरावांना आणि त्या गड्याला बोलावून, केरबा मिस्त्रींना खुर्ची न देता आपल्या शेजारी उभे करून, कारकुनाकरवी नव्हे तर स्वतःच्या तोंडाने सांगावे की ती काहील कुणाच्या हुकुमाने तशी झाली, आणि पाण्याची चाचणी कुणी घालून दिली. जे सांगतील ते त्याच गुळगुळीत कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापावे. सांगवीस एक प्रत मी स्वतः नेऊन देईन. ती एकदा नव्हे, दोनदा वाचून दाखवावी लागेल, आणि मिस्त्रींचे वय पाहता त्याला फार उशीर करून चालणार नाही.